हॉर्न वाजवणारी फाइल

चार वाजायच्या आत बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पलंगावर पाच जण, खिडकीच्या कट्ट्यावर दोघं, उरलेले भिंतीला टेकून. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या जुन्या संगणकाकडे. पडद्यावर निळी बस उभी होती. कळफलकाला कुणाचा हात नव्हता. तरी बस हलली, वळणावर इंडिकेटर दिला आणि थांब्यापाशी जाऊन उभी राहिली. मग स्पीकरमधून आवाज आला, "अगं, ऐकतेस का? मी पोचलो बरं."

कुणाला तरी हुंदका फुटला. आवाज हुबेहूब बाबांचा होता, आणि बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीनं चौकट घट्ट धरली. क्षणभर तिलाही वाटलं, आपणही एक प्रश्न विचारावा. बाबांनी चौतीस वर्षं खरी बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर ते या खेळातली चालवत. "ट्रिपला निघतो," असं सांगूनच खुर्चीवर बसत.

"देह म्हणजे हार्डवेअर!" सेतूदादा गरजले. एक हात छातीशी, दुसरा कोटाच्या खिशात. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ते कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करत. आता इहलोक आणि परलोक जोडत होते. "आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर! हार्डवेअर बंद पडलं म्हणून सॉफ्टवेअर मरतं का? ते वैश्विक तरंगांवरून आवडत्या जागी डाउनलोड होतं!"

"अपलोड ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"दोन्ही होतं," दादा ठसक्यात म्हणाले. "विचारा वहिनी. एक हॉर्न म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

आई पडद्याकडे सरकली. कडेचं तिला आता दिसत नसे, म्हणून ती मान वळवून वळवून बघत होती. "अहो, गुरुवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे. करू का?"

पॅं. पॅं.

"नाही म्हणाले," आई हळूच म्हणाली. "मग राहू दे."

लेक रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते, हे डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. ऑपरेशननंतर आई महिनाभर लेकीकडे राहणार होती. म्हणजे या घराला कुलूप, आणि दादांच्या दरबारालाही.

ती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. "दादा, मला हा खेळ मूळ स्थितीत आणायचाय."

"म्हणजे काय गं?" शेजारच्या शिंपीकाकूंनी विचारलं.

"विकत आणला तेव्हा होता तसा. नंतर त्यात जे जे घातलं, ते बाहेर काढायचं. बाबा खेळात असतील तर राहतील."

"आत्म्याचं आसन हलवू नये!" दादांचा आवाज चिरकला.

मामा ताडकन उठले. "बापाला दुसऱ्यांदा मारतेस?"

"मामा, पहिल्या वेळी मी त्यांचा हात धरून बसले होते," ती म्हणाली. "मरण कसं असतं ते मी पाहिलंय. हे ते नाही."

मामा बसले.

तिनं खेळाचं फोल्डर उघडलं. बाहेरून घातलेल्या चार फाइली होत्या. तीन बाबांच्या हयातीतल्या: बसचा निळा रंग, त्यांच्या मार्गावरच्या थांब्यांची नावं, तिकिटाची घंटा. चौथीवर तारीख होती बाबा गेल्यानंतरच्या एकोणिसाव्या दिवसाची. निळ्या रंगाच्या फाइलीवर तिचं बोट थबकलं. पण तपासणी ती तपासणी. चारही फाइली पेनड्राइव्हवर गेल्या. मग तिनं खेळातलीच दुरुस्तीची सोय चालवली. बदललेलं सगळं पुसून तिनं कंपनीचं मूळ बसवलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. बस पिवळी होती.

"विचारा आता."

आईनं विचारलं. बस ढिम्म. दादांच्या कोटाचा खिसा मात्र आत उंदीर शिरल्यासारखा वळवळत होता.

"आत्मा रुसला," दादा पुटपुटले.

"रुसू द्या. काकू, तुमचा लॅपटॉप घ्या."

शिंपीकाकूंकडेही हाच खेळ होता, आणि लॅपटॉप लेकीनं सकाळीच मागून ठेवला होता. चौथी फाइल तिनं त्यात घातली, पण आधी ती उघडून मोठ्यानं वाचली. "एफ नऊ, एक हॉर्न. एफ दहा, दोन हॉर्न. एफ अकरा, बस चालू आणि आवाज. काकू, एफ अकरा दाबा."

काकूंनी भीत भीत बोट टेकवलं. बस निघाली. "अगं, ऐकतेस का? मी पोचलो बरं."

"बाबा कधी आले होते तुमच्या घरी?"

"छे! सदऱ्याची बाही आखूड झाली तेव्हापासून बोलतही नव्हते माझ्याशी!"

खोली खदखदून हसली. मामांनीच दादांचा खिसा उलटा केला. तीन बटणांचा चिमुकला बिनतारी कळफलक बाहेर पडला. त्याचे इशारे पकडणारा नखाएवढा जोड लेकीनं संगणकाच्या पाठीमागून उपसून टेबलावर ठेवला.

"पण आवाज?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या फोनमधला," आई म्हणाली. "मागल्या वर्षी हिच्याकडे पोचल्यावर त्यांनी बोलून निरोप पाठवला होता. फोनमधली जागा मोकळी करून देतो म्हणून तो सेतूदादांनीच नेला होता."

"मी फक्त समाधान दिलं!" दादा दाराकडे सरकले.

"तिची नजर घेऊन?" लेकीनं विचारलं, आणि ती गर्दीकडे वळली. "आपलं माणूस गेलं की रडा. त्याचा आवाज हवा तितक्या वेळा ऐका, मीही ऐकते. पण उपचार करायचा की नाही, हे जिवंत डॉक्टरला विचारा. गेलेल्या माणसाचं उत्तर कुणी आणून दिलं, तर ते कसं आणलं ते दाखव म्हणा. दाखवत नसेल, तर ऐकू नका."

खिडकीतली एक बाई उतरून दारात आडवी उभी राहिली. "माझ्या गेलेल्या मुलाचा फोन यांच्याकडे आहे. तो आधी द्या."

"आमच्या आईचाही," मागून आवाज आला. मग आणखी एक.

आईनं चाचपडत संगणकाचं बटण शोधलं आणि स्वतःच तो बंद केला.

"गुरुवारी किती वाजता येतेस मला न्यायला?"

"सहाला."

"साडेपाचला ये," आई म्हणाली. "आधीच उशीर झालाय."