कपारीतली घागर

मी डॉल्फिनवर अभ्यास करते. डॉल्फिन पाण्यात टकटक आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पुढ्यातली वस्तू ओळखतो. डोळे झाकले तरी पोकळ काय अन् भरीव काय, त्याला कळतं. वडगाव रासाईत हे सांगितलं की लोक हसतात, "भीमेत कुठं आलाय डॉल्फिन?"

भीमेत नाही, पण नदीकाठी आमची कधी न आटणारी विहीर आहे. तसलेच आवाज सोडणारं यंत्र आणि पाण्यातला माइक घेऊन मी मे महिन्यात घरी आले. खरं सांगते, मला आईची घागर शोधायची होती.

वीस वर्षांपूर्वी आईच्या हातून माहेरची पितळी घागर विहिरीत पडली. माझे वडील, आप्पा, दोन दिवस गळ फिरवत होते. काही लागलं नाही. आप्पांची आई, आमची दगडाबाई आजी, म्हणाली, "पडली न्हाई, हिच्या भावाच्या घरी गेली." आप्पा मूग गिळून बसले. तेव्हापासून माहेरी निघताना आई कुणी न सांगता अंगणात पिशवी उलटी करून दाखवते. मला त्याची भयंकर चीड येते.

तळातून दगडाचा, गाळाचा बद्द आवाज आला. मग मी यंत्र भिंतीकडे वळवलं. पाण्याखालच्या कपारीतून आवाज पोकळ भांड्यासारखा घुमत, लांबत परतला.

"आप्पा, गळ सरळ खाली जातो. ही बुडताना कपारीत शिरलीया, आडवी!"

आप्पांनी सदरा काढून उडी मारली. तिसऱ्या बुडीला वर आले ते घागर छातीशी धरूनच. शेवाळ पुसलं तर काठावर नाव होतं: 'ताईबाईकडून चि. अंजनास.' ताईबाई म्हणजे आईची आई. लेकीवरचा आळ मनात घेऊनच ती गेली.

आजीनं चिंच मागितली आणि घागर घासायला बसली.

"आत्याबाई, द्या इकडं," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशी आई माहेरी निघाली. सवयीनं तिनं अंगणात पिशवी उलटी करायला घेतली. आजीनं तिचा हात धरला आणि लखलखीत घागर स्वतः पिशवीत ठेवली.

"आईच्या फोटोम्होरं ठेव, अंजने. म्हणावं, दगडाबाईनं पाठवलीया."