कढईतली कुरडई

मारुतीच्या पारासमोर अख्खं गाव लोटलं होतं. कढईखाली दोन काटक्या पेटल्या होत्या. चोर ओळखायला बोलावलेल्या मांत्रिक बाबानं कढईतल्या तेलात अंगाऱ्याची मूठ टाकली आणि तेल खदाखदा उकळायला लागलं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला, तसाच धडधाकट बाहेर काढला.

"सच्च्याले आंच नाही! चोराचा हात जळते!" बाबा गरजला. "आता पेटवा जाळ, आन् आना त्या बाईले!"

बाई म्हणजे भागिरथा, देऊळ झाडणारी विधवा. देवाचा चांदीचा मुकुट हरवला होता, आणि एकट्या बाईवर आळ घ्यायला पुरावा लागत नाही. हात पोळला तर तिनं गाव सोडायचं आणि तिचं दोन एकर शेत मारोतराव पाटलानं सांभाळायचं, असं ठरलं होतं. बाबाला बोलावणारेही पाटीलच!

देवमन गुरुजी गर्दीच्या कडेला उभे होते. इंझोरीकडचे, बौद्ध. तीन वर्षांत या गावात त्यांना कुणी घोटभर चहा विचारला नव्हता. परवाच त्यांनी नववीला शिकवलं होतं : जुन्या युरोपात आरोपीच्या हाती तापलेलं लोखंड द्यायचे. लोखंड मंत्रायचा पाद्री, तीन दिवसांनी जखम पाहून निकाल द्यायचाही पाद्रीच, आणि दोषी ठरलेल्याची मालमत्ता जायची राजाच्या घशात.

"गुरुजी, लोक गप काहून बसत होते?" एका पोरीनं विचारलं होतं. आता आपणही गप्पच आहोत, याची गुरुजींना लाज वाटली.

एकट्या माणसाला स्वयंपाक शिकावाच लागतो, गुरुजीही शिकले होते. तेल एवढं उकळतंय, मग वास कसा नाही? धूर कसा नाही? पाराजवळ सगळे बाप्ये, जन्मात चुलीपुढं न बसलेले. ज्यांना हे कळलं असतं त्या बाया रिवाजाप्रमाणे लांब निंबाखाली.

गुरुजी खोलीवर धावले आणि मोठा जाळ पेटायच्या आत आईनं दिलेली एक कुरडई घेऊन आले.

"मास्तर, तुमचं काम शायेत!" पाटील ओरडले.

गुरुजींनी कुरडई कढईत टाकली. ती फुललीच नाही, तळाशी जाऊन निपचित पडली.

निंबाखालून टाचा उंचावून पाहणारी मनकर्णाबाई खो खो हसली. "अवं माय, तेल तं थंडंच हाय!"

गुरुजींनी कढई कलंडवली. आधी तेल वाहिलं, मग आंबट वासाचं पाणी आणि लिंबाच्या बिया. "खाली लिंबाचा रस, वरून तेल," ते म्हणाले. "अंगाऱ्यात पापडखार. खार रसात पडला का बुडबुडे येतात. भागिरथाबाईसाठी मात्र खराच जाळ लावत होते. मुकुट कुठी हाय ते मले माहीत नाही. जे माहीत नाही ते शोधा, तेलाले इचारू नका!"

बाबा केव्हाच पसार झाला होता. गर्दी पांगली. गुरुजींकडे कुणी पाहिलं नाही. आपण फसलो हे दाखवणारा माणूस कुणाला आवडतो? ते खोलीत येऊन पुस्तक उघडून बसले. त्यांना फार एकटं वाटलं.

दारावर थाप पडली. भागिरथा उभी होती.

"गुरुजी, तुमची येक कुरडई माह्यापायी गेली. म्या तळल्या हायेत. घरी या जेवाले."

गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि ते चपला शोधायला लागले.