एकोणचाळीस डझन लिंबं

विजयमालाला भाकरी काही केल्या जमत नव्हती. नगरात पोळ्यांवर वाढलेली पोरगी ती. काठवटीत भाकरी थापली की कड फाटायची आणि सासूचं, झुंबरबाईंचं, तोंड सुटायचं. म्हणून तिचा सगळा जीव अडकला होता काष्टीच्या बाजारातल्या लिंबांच्या गोणपाटावर. चार माणसांत बसावं, बोलावं, हसून माल खपवावा, हे आपल्याला येईल असं तिला मनापासून वाटायचं. पण त्या गोणपाटावर तीस वर्षं झुंबरबाई बसत होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बाजाराच्या आदल्या दिवशी झुंबरबाईंचा पाय मुरगळला. सुनेला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, थोडंच वाटलं.

"एकोनचाळीस डझन हायती," सासूनं लिंबं गोणीत भरून बजावलं. "दर डझनाला एक खडा पदराच्या वट्यात टाकायचा. मोजाया येतं ना?"

"व्हय, आत्याबाई," विजयमाला म्हणाली. न यायला काय झालं? नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, तिला सांगूनच ठेवलं होतं, की आई पहिलं लिंबू लाभाचं टाकते.

बाजारात ती खणखणीत आवाजात मोजू लागली. "लाभ! एक, दोन, तीन..." बारापर्यंत. बघता बघता बायकांचा गराडा पडला. शेजारी लिंबंच विकणारी बनुबाई माश्या मारत बसली. दुपारच्या आत गोणी रिकामी झाली आणि विजयमाला वाऱ्यावर तरंगत घरी आली.

झुंबरबाईंनी आधी खडे मोजले.

"छत्तीस? अन् तीन डझन कुनाच्या घशात घातली?"

"कुणाच्या नाही हो! शप्पथ!"

"मग मोजून दाव."

विजयमालानं कांद्यांची पाटी पुढं ओढली. "लाभ, एक, दोन..."

मच्छिंद्र हसता हसता भिंतीला टेकला. "अगं, लाभ म्हंजीच एक! खळ्यावर ज्वारी मापताना बी पहिल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. म्होरं थेट दोन!"

बारा म्हणून तिनं छत्तीस वेळा तेरा दिली होती. विजयमालाला रडूच फुटलं. झुंबरबाईंनी निकाल दिला, "म्होरल्या बाजारला मी बसनार. तू गोनी उचलायची अन् घरी येऊन भाकरी शिकायची."

पुढच्या बाजाराला झुंबरबाई लंगडत येऊन बसल्या. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी "लाभ, दोन, तीन..." करत चोख बारा दिली.

"मावशी, वरचं एक?" बाईनं विचारलं. "सूनबाई द्यायच्या की."

"चुकून दिलं हुतं तिनं."

"मग ऱ्हाऊ द्या." आणि बाई वळली ती थेट बनुबाईकडं. बनुबाई कसली वस्ताद! एका आठवड्यात तिनं विद्या उचलली होती. "लाभ! एक, दोन..." तिचा आवाज पार बैलबाजारापर्यंत जात होता.

उन्हं कलली तरी झुंबरबाईंचा ढीग हलेना. नेहमी त्या पाव गोणी माघारी न्यायच्या, आज सगळीच न्यावी लागणार होती. शेवटी एका बाईला त्यांनी हाताला धरून बसवलं. "बस, देते तुला बी वरचं एक. लाभ... दोन..." थांबल्या. लिंबं परत ढिगात टाकली. "लाभ... दोन..." पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून त्यांनी लाभाचं लिंबू टाकलं, आणि तोंडातून निघालं ते दोनच. बसवलेली बाई पदर तोंडाला लावून हसत होती. विजयमाला मात्र जमिनीकडं बघत उभी राहिली. सासूची अशी फजिती होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि गोणपाट सोडून बाजूला झाल्या.

"बस हितं," त्या सुनेला म्हणाल्या. "माझी जीभ आता वळायची न्हाई. भाकरी मी थापीन."