टेबलावरचा कणा आणि फुलंब्रीचा टेलर

मित्रांनो, मी प्लास्टिकचा एक जुना पाठीचा कणा आहे. हसू नका! छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्याच्या व्यायामखोलीत मी लोखंडी दांडीला लटकलेला असतो. डोकं नाही, हातपाय नाहीत, ऐट मात्र भरपूर आहे. कारखान्यात माझे मणके एकावर एक ओवले आणि त्यांच्या पोकळीतून एक पिवळी नळी सोडली. ती नळी म्हणजे मज्जारज्जू. खऱ्या माणसात तो जेमतेम हातभर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूचा हुकूम खाली पोचवायचा आणि खालची खबर वर न्यायची, हे त्याचं काम.

पहिली काही वर्षं माझा थाट होता. विद्यार्थी वह्या घेऊन माझ्याभोवती जमायचे. मग भिंतीवर मोठा टीव्ही आला, त्यात रंगीत कणा गरागरा फिरू लागला आणि माझ्यावर लोक ओले रुमाल वाळत घालू लागले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशात फुलंब्रीचे धम्मपाल टेलर आले. गच्चीवरची टाकी धुताना पाय घसरून ते खाली पडले होते. शेजाऱ्यांनी मायेपोटीच, दोघांनी हात आणि दोघांनी पाय धरून, त्यांना टेम्पोत घातलं. इजा पडल्यानं झाली की उचलल्यानं वाढली, हे कुणालाच सांगता येईना. कमरेच्या वरचा मणका फुटून मज्जारज्जू चेंगरला होता. ऑपरेशन करून मणका बसवला, पण पाय हलेनात, चिमटा कळेना, लघवीची जाणीवही गेली. धम्मपालभाऊंचं मशीन पायानं चालायचं. पाय गेले म्हणजे शिवणकाम संपलं, असं मनाशी धरून ते गप्प झाले होते.

एक दिवस टीव्ही बंद पडला. व्यायाम घेणाऱ्या चारुता मॅडमनी धूळ झटकून मला धम्मपालभाऊंच्या मांडीवर ठेवलं. धम्मपालभाऊंनी माझी नळी बोटानं आतबाहेर सरकवली आणि महिन्याभरात पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"मॅडम, हे तर नेफ्यातल्या नाड्यावानी हाय. नेफा तुम्ही शिवला, पर आतला नाडा चेंगरला. व्हय ना?"

"हो भाऊ. आणि तो नाडा नीट करायची विद्या अजून कुणालाच पुरती आलेली नाही. पाय परत येतील असं खोटं मी सांगणार नाही. पण जखमेच्या वरचं सगळं शाबूत आहे."

त्यांनी माझ्या मणक्यांवरून बोट वर वर नेलं. "म्हंजी हात, खांदे, मान... समदं माजंच हाय अजून?"

"सगळं."

"मंग मशीन आणा की!"

त्यांची बायको रूपाली हसलीही आणि रडलीही. ती विजेच्या मोटारीवर चालणारं शिलाई मशीन घेऊन आली. दवाखान्याच्या वर्कशॉपमधल्या अतुलनं त्याचं पायानं दाबायचं पायडल वर, कोपरानं दाबता येईल असं बसवून दिलं. पहिल्या दिवशी शिवण वळणं घेत भलतीकडेच पळाली.

"अवो, ही शिवण हाय का कन्नडचा घाट?" रूपाली म्हणाली, आणि अख्खी खोली हसली.

तिसऱ्या आठवड्यात शिवण सरळ आली. कामाच्या नादात ते एकाच जागी बसून राहायचे. बधिर कातडीला दाबानं जखम झालेली कळत नाही, म्हणून रूपाली मधूनमधून ओरडायची, "उचला!" की ते दोन्ही हातांवर अंग उचलून धरायचे. मीही टेबलाच्या मधोमध आलो. रुमाल गेले टीव्हीवर!

मित्रांनो, एक विनंती आहे. कुणी उंचावरून पडलं तर हातपाय धरून उचलू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका, धीर द्या आणि १०८ला फोन लावा. तुमचा कणा माझ्यासारखा कारखान्यात पुन्हा मिळत नाही.

धम्मपालभाऊ घरी गेले. परवा चारुता मॅडमनी ड्रेस शिवायला टाकायचा म्हणून त्यांना फोन लावला. पलीकडून मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"मॅडम, राग मानू नका, पर म्हैनाभर तरी जमायचं नाय. लई कामं पडल्यात."

मॅडमनी फोन ठेवला आणि आनंदानं टाळी वाजवली. नकार ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.