चकचकीत केलेली पाणचक्की

मला म्हातारी म्हणा मित्रांनो, खपवून घेईन. पण बंद पडलेली म्हणालात तर याद राखा! मी पाणचक्की आहे. ज़राफ़शान नदीच्या वरच्या अंगाला, एका ओढ्यावर बसलेय. आणि आत्ता, तुम्ही हे वाचताय ना, आत्तासुद्धा माझी वरची तळी, म्हणजे दळायचा वरचा दगड, गरगर फिरतेय!

जन्माचं झटपट सांगते, कारण पुढची गोष्ट भारी आहे. माझ्या दोन्ही तळ्या डोंगरातल्या करड्या दगडाच्या. सहा बैलांनी ओढत खाली आणल्या, त्यातले दोन वाटेत रुसून बसले. मग उस्तोनं, म्हणजे आमच्या कारागिरानं, माझ्या पोटाखाली आडवं चाक बसवलं आणि लाकडी पन्हळीतून त्यावर पाणी सोडलं. मी अशी उसळले की दाण्यांची पेटीच खाली आली! पहिलं पीठ सगळं उस्तोच्या दाढीत. सकाळी तरुण आलेला माणूस दुपारी म्हातारा होऊन घरी गेला, असं लोक म्हणायचे.

काय दिवस होते ते! सुगी झाली की पोत्यांची रांग पार पुलापर्यंत जायची. रांगेचा कायदा ठरलेला. ज्याच्या घरी मयत त्याचा पहिला नंबर, मग लग्नघर, मग बाकीचे. एकदा एक लबाड पोतं घेऊन थेट पुढं घुसला.

"सासू गेली हो आमची," म्हणाला. डोळेसुद्धा पुसले.

"कुठं गेले हो मी, जावईबापू?" चौथ्या पोत्यावरून आवाज आला. सासूबाई तिथंच बसलेल्या!

त्या वर्षी त्याचं पीठ सगळ्यात शेवटी निघालं. बरोबरच आहे. माझ्या हातात असतं तर मी काढलंच नसतं.

मग बाजारात विजेची गिरणी आली. ट्रकमधून पांढऱ्या पिठाची पोती आली. लोक म्हणायला लागले, "बघा, कसं बर्फासारखं!" माझं पीठ करडं, जरा जाड, पण त्याच्या रोटीचा वास तीन गल्ल्या जायचा. वासाला कोण विचारतो? रांग आटली. चक्कीवाला वारला आणि त्याची लेक खैरीनिसो तेवढी राहिली. पन्नाशीची, तोंडाची तिखट. आठवड्यातून दोन दिवस ती मला चालवायची, बाकीचे पाच दिवस कोळी माझ्यावर जाळी विणायचे. एवढा राग यायचा मला!

ओढ्याच्या वरच्या वळणावर हमरोकुलची खानावळ आहे. त्याला आपलं माशांचं तळं मोठं करायचं होतं, म्हणून माझं पाणी हवं होतं. "ती चक्की मेलेलीच आहे," तो सगळ्यांना सांगत सुटला. शेवटी कसब्याच्या रईसनं, म्हणजे आमच्या कारभारी साहेबानं, निकाल दिला. मेहरगोनला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, शहरातून समिती येईल. चक्कीनं तिच्यासमोर पीठ काढलं तर तिचं नाव जुन्या वारशांच्या यादीत जाईल आणि पाणी तिचंच राहील. नाही काढलं, तर पाणी माशांना!

मी तयार होते हो. पण सणाच्या चार दिवस आधी खैरीनिसोची मुलगी पलीकडच्या गावात बाळंत झाली आणि ही तिकडे गेली. इकडे रईसनं मला सजवायला उस्तो शोदमोनला पाठवलं. माणूस वाईट नाही. पण धंदा काय त्याचा? थडग्यांचे दगड घासून चकचकीत करायचे!

त्यानं चार गडी लावून माझी वरची तळी उलटी केली आणि कपाळावर हात मारला. "अरेरे, किती खडबडीत झालाय बिचारा दगड! कुणी लक्षच दिलेलं नाही."

खडबडीत? अरे, ते टाकीचे घाव होते! तेच माझे दात! त्या खाचांतच गहू फुटतो. मी ओरडणार होते, पण पाणी बंद, मग माझा आवाज निघणार कुठून? तो दोन दिवस मशीन लावून घासत बसला. दोन्ही तळ्या अशा गुळगुळीत केल्या की त्याला त्यांत स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. मग खूश होऊन त्यानं त्या पुन्हा बसवल्या.

मेहरगोन उजाडला. खैरीनिसो बसमधून उतरली ती थेट माझ्याकडेच आली. समिती आधीच दारात उभी. तिची प्रमुख मुहय्यो नावाची बाई, हातात वही, चेहऱ्यावर हसू नाही. खैरीनिसोनं पाणी सोडलं, गहू ओतला. मी फिरले, जोरात फिरले! आणि खाली काय पडलं? गहू. अख्खाच्या अख्खा. जरासा कोमट, एवढंच.

"वा!" हमरोकुलनं टाळी वाजवली. "आत जातो, फेरफटका मारतो, बाहेर येतो. तब्येत सुधारते गव्हाची!"

खैरीनिसोनं पाणी तोडलं, वाकून फटीत नखं घातली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "कुणी केलं हे?"

"मीच, आपा," शोदमोन पुढं झाला. "आरशासारखी झालीय की नाही?"

"मेल्या, थडगं आहे का ही? जित्या बाईचे दात घासून काढलेस आणि वर शाबासकी मागतोस?"

मुहय्योनं घड्याळ बघितलं. "आमची गाडी तीनला आहे. आम्ही जेवून येतो. तोवर पीठ निघालं तर ठीक, नाहीतर मी लिहून टाकते."

"चला चला, माझ्याकडे ओश तयार आहे, गरमागरम पुलाव," हमरोकुल म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन गेला.

दोन तळ्या टाकवायला एकट्या माणसाला अख्खा दिवस लागतो. खैरीनिसो पुलावर उभी राहिली आणि जी बोंब मारली, ती मला अजून ऐकू येते. "घरात हातजातं आहे ना तुमच्या? मग टाक्या घेऊन पळत या!"

आल्या! अकरा बायका आल्या, हातात टाकी आणि हातोडी. गड्यांनी पहारी लावून तळी उलटी केली. शोदमोन सगळ्यात पुढं, कान लालेलाल. टक टक टक टक! मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं.

"मलाही एक टाकी द्या ना, आपा," शोदमोन म्हणाला.

"घे. पण ओळ सोडून वाकडा गेलास तर बोटं मोजून घरी जाशील."

अडीच वाजले आणि खालची तळी अर्धीच झालेली! तेव्हा एक बाई खानावळीत धावली आणि तिथं जेवायला बसलेल्या मिर्ज़ोशरीफ बोबोंच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांच्या, कानात काहीतरी बोलली. पुढचं मला नंतर रांगेत कळलं. आमच्याकडे जेवण झालं की सगळ्यात म्हाताऱ्यानं दुवा मागायची, आणि त्यानं आमीन म्हटल्याशिवाय कुणी उठायचं नाही. बोबोंनी दोन्ही हात वर केले. सगळ्यांनी केले. बोबोंनी यजमानासाठी दुवा मागितली. आचाऱ्यासाठी मागितली. तांदळासाठी, गाजरासाठी. समितीच्या गाडीच्या ब्रेकसाठी. मग सात गल्ल्यांमधल्या मयत माणसांची नावं घ्यायला लागले, एकेक करून!

हमरोकुलचे वर धरलेले हात भरून आले. "बोबो, आमीन म्हणा की आता!"

"थांब रे. तुझ्या माशांचं राहिलंय."

तीनची गाडी चुकली. समिती परत आली तेव्हा तळी नुकतीच बसली होती. खैरीनिसोनं पाणी सोडलं, गहू ओतला, आणि पीठ आलं! मुहय्योनं चिमूट तोंडात टाकली. कचकच!

"खडे खा आता!" हमरोकुल ओरडला.

"नव्या टाकीचं पहिलं पीठ गाईगुरांना असतं," खैरीनिसो म्हणाली. "आधी विचारायचं बाई, मग खायचं."

तिनं ते बाजूला काढलं, वरची तळी केसभर खाली घेतली आणि पुन्हा गहू ओतला. मित्रांनो, त्या वेळी मी जशी फिरले ना, तशी जन्मात फिरले नव्हते! ऊन ऊन, करडं, खमंग पीठ. मुहय्योनं ते बोटांत चोळलं, जिभेवर ठेवलं.

"पिशवी आहे का एखादी?" ती म्हणाली. "थोडं घरी न्यायचंय."

असला आरडाओरडा झाला की ओढ्यातली बदकं उडाली!

माझं नाव यादीत गेलं. पण मुहय्योनं पुढं दोन शब्द लिहिले: "चालती असेपर्यंत." हमरोकुलनं ते तीनदा वाचून घेतलं. आता तो रोज सकाळी खिडकी उघडतो आणि माझा आवाज येतोय का ते ऐकतो.

म्हणून सांगते. मला रंग नको, दोरी बांधून लांबून बघणं नको, आणि मला गुळगुळीत तर मुळीच करू नका. माझे घाव जपा, वेळेवर टाकी द्या, आणि मला दळायला द्या. घरात गहू आहे ना? मग उभे काय राहिलात? उचला पोतं! हमरोकुल कान लावून बसलाय.