गडावर सोडलेलं तेल

मी तेलाची पळी बोलतेय. जरा भराभर बोलले तर सांभाळून घ्या, एका जागी थांबून बोलायची मला सवय नाही. तेलात बुडी मारायची, कढईवर वाकायचं, रिकामं व्हायचं आणि पुन्हा डब्याच्या काठाला लटकायचं, यातच माझा जन्म गेला. स्वस्थ लटकलेली पळी दिसली की समजावं, त्या घरात काहीतरी बिनसलंय.

हा चळवळा स्वभाव जन्मापासूनचा. माझं लोखंड म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकावरची धाव, चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. गाडी मोडली, धाव भंगारात आली आणि वडवणीच्या बाजारात पाल ठोकून बसलेल्या एका घिसाड्यानं तिचा तुकडा भात्यावर लाल केला. त्याची बायको घण मारत होती, तो तुकडा फिरवत होता. त्यांनी मला लांब दांडा दिला, खाली लिंबाच्या फोडीएवढी वाटी ठोकली, वर आकडा वळवला. पाण्यात घातल्यावर मी चर्रकन ओरडले. मग चंद्रभागाबाई नावाच्या नव्या नवरीनं मला उचललं. "मोठी नगं," ती घिसाडणीला म्हणाली, "मोठ्या पळीनं तेल लवकर सरतंय." अशी मी लिंबागणेशच्या अलीकडच्या त्यांच्या गावात आले.

आले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. चंद्रभागाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची लाल भाकर, कामावर सरकारनं वाटलेली कोरडी सुकडी. तेलाचा थेंब नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला खुंटीला टांगलं. वारा आला की मी भिंतीवर टणटण आपटायचे, तेवढीच माझी हालचाल. अंगावर तांबेरा चढला. तेव्हापासून मला खुंटीची धास्ती आहे.

पुढं दिवस पालटले. करडई पिकायला लागली, घाण्याचं पिवळंधमक तेल डब्यात आलं. गावात सहकारी दूध संस्था निघाली, दारात म्हैस आली. चंद्रभागाबाईचा मुलगा उत्तरेश्वर मोठा झाला, मंजुळा सून म्हणून आली. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायला लागली. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, कारण दोघांशिवाय तो चालत नाही. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. आणि मी? भांड्यांच्या पोत्यात बसून त्यांच्याबरोबर जायचे. ट्रक हलला की मला कोण आनंद व्हायचा! उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, तीन दगडांची चूल, अंधारातच भाकरी, आणि दिवसभर भूक मारायला गुळचट गोड कोरा चहा. मंजुळाचा चहा तर असा की साखरेत चमचा उभा राहावा.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात ठेवा. पळी असले तरी मला कालवणातलं सगळं कळतं. फोडणी मीच देते ना. डाळ शिजली की घट्ट डाळ तळाला बसते, वर पाणी राहतं. आमच्या घरात तळातली डाळ पुरुषांच्या ताटात जायची. बायका मागून जेवायच्या आणि भाकरी वरच्या पाण्यात कुस्करायच्या. चंद्रभागाबाईला तिच्या सासूनं असंच वाढलं, तिनं मंजुळाला असंच वाढलं. कुणाच्या मनात खोट नव्हती. दुधाचंही तेच. म्हैस दूध द्यायची आणि ते थेट संस्थेत जायचं. उत्तरेश्वर परत आला की चंद्रभागाबाई विचारायची, "आज फॅट किती लागली?" फॅट चांगली लागली की दुधाला भाव चांगला, आणि घरात सण. ते दूध घरात कुणाच्या ओठाला लागलं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मग पंधरा सालचा दुष्काळ आला. पेरलेलं उगवलं नाही, म्हैस चारा छावणीवर गेली, गावात टँकर सुरू झाला. उत्तरेश्वर छावणीवरच असायचा, तिथूनच दूध संस्थेत घालायचा. श्रावणात संस्थेनं सभासदांसाठी तपासणीचं शिबिर घेतलं. मंजुळा सहज म्हणून गेली आणि तोंड उतरवून आली.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मला शुगर निगाली. बीपी बी हाय म्हणत्यात."

"आगं, तुला कावून? तू तर काडीवानी."

"डॉक्टर म्हणले, गोळ्या घ्या, त्याल कमी करा. मागं लई गर्दी व्हती. फुडं काय बोलले ते ऐकूच आलं न्हाई."

चाळिशीला टेकलेल्या मंजुळाला मी आजवर घाबरलेली पाहिली नव्हती. पण तिचे वडील बीपीनंच लकवा होऊन गेले होते. अर्धं अंग लुळं पडून ते किती दिवस अंथरुणाला होते, हे तिनं पाहिलं होतं. वर दसरा तोंडावर. घरी दुष्काळ, ऊसतोडीला गेलं नाही तर खायचं काय? तिला काही करून दसऱ्यापर्यंत धडधाकट व्हायचं होतं.

म्हणून तिला ठाऊक होतं ते तिनं केलं. आमच्याकडं माणूस देवाला जसं काही वाहतं, तसं देवासाठी काही सोडतंही. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ. एकदा सोडलं की सोडलं, घरातल्यांनी आग्रहसुद्धा करायचा नाही. एकादशीला मंजुळा बायकांबरोबर नारायणगडावर देवाच्या दर्शनाला गेली आणि तेल सोडून आली.

"कमी करते म्हणलं तर हात ऐकत न्हाई," ती म्हणाली. "सोडलंच. जलमभरासाठी."

चंद्रभागाबाईनं गडाच्या दिशेनं हात जोडले. "लई चांगलं केलंस. आता देव बगून घील." उत्तरेश्वरनंही बायकोच्या कौतुकात जाहीर केलं की घरात एकानं सोडलं म्हणजे सगळ्यांनी सोडलं. आणि मला उचलून खुंटीला टांगलं.

माझा जीव नुसता वरखाली व्हायला लागला. तेल जरा कमी झालं असतं तर मी स्वतः आनंदले असते. भजी तळायला डबा उपडा करणाऱ्यांची मला चीडच आहे. पण मंजुळानं तेलाच्या नावाखाली काय काय सोडलं ते ऐका. शेंगदाण्याची चटणी सोडली, कारण शेंगदाण्यात तेल. कारळ्याची सोडली, कारण तेल. मटकीची उसळ बिगर फोडणीची गिळवेना, म्हणून तीही बंद. दूध तर आधीच संस्थेत. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं ते असं. राहिलं काय? भाकरी, डाळीचं वरचं पाणी आणि मिरची-मिठाचा खर्डा. मीठ मुठीनं. पोट भरेना म्हणून भाकरीवर भाकरी, आणि भाकरी उतरेना म्हणून गोड चहा. उत्तरेश्वरचं बरं होतं. तो छावणीवरून यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला हॉटेलातल्या भज्यांचा वास यायचा.

खुंटीवरून मी तिला रोज बघत होते. टाचा भेगाळल्या. अंग उतरून कमरेचा ओचा सारखा सुटायला लागला. पीठ मळता मळता ती थांबायची, भिंतीला टेकायची आणि पुन्हा मळायला लागायची. माझ्या अंगावर तांबेरा चढत होता आणि मला वाटायचं, हिच्याही चढतोय. ओरडून सांगावं असं फार वाटायचं. पण पळीला तोंड कुठलं? वारा आला की भिंतीवर आपटत राहिले. "ह्या पळीची कटकट," म्हणून चंद्रभागाबाईनं माझ्या दांड्याला चिंधी बांधली.

भाद्रपद सरता सरता टँकरच्या रांगेत भरली घागर घेऊन मंजुळा खाली कोसळली. बायकांनी उचलून घरी आणली तेव्हा दिसलं, पायाच्या तळव्याला काच रुतलेली आहे. कधी रुतली, तिला पत्ताच नव्हता. जखम आतून चिघळलेली होती.

उत्तरेश्वर तिला बीडला घेऊन गेला. शिबिरातलेच डॉक्टर भेटले. परत आल्यावर तो चुलीपुढं बसला.

"आई, पाय वाचतोय का बगू म्हणले," तो म्हणाला. "शुगर पयल्यापरीस वाढलीय. जखम भराय अंगात कायतरी लागतंय, ते हिच्या अंगात न्हाईच. डाळ खाती का म्हणून इचारलं. ही म्हणली, रोज खाते. डॉक्टर म्हणले, डाळ खाती का डाळीचं पाणी?"

चंद्रभागाबाईनं परात पुढ्यात ओढली. हातातल्या फडक्यानं उगीच परात पुसत बसली.

"त्याल बंद कुणी सांगितलं, डॉक्टर म्हणले. मी कमी म्हणलो व्हतो. गर्दीत नीट सांगाय पायजे व्हतं, चूक माजी हाय, असं बी म्हणले बिचारे. भाकर कमी करा, मीठ कमी करा, साखर बंद. डाळ, मटकी, हुलगं, ताक, मूठभर शेंगदाणे आन् पळीभर त्याल, ह्ये पोटात गेलंच पायजे."

"आन् मी काय सांगितलं, ते सांगा की," मंजुळा भिंतीकडं तोंड करून पडली होती, तशीच म्हणाली. "गडावर सोडलेलं तोंडात घालता येत न्हाई. पाय गेला तरी चालंल, पर देवाचं मोडायची न्हाई मी."

यावर डॉक्टरांकडंही गोळी नव्हती. उत्तरेश्वर बाहेर जाऊन ओट्यावर बसला. डाळ शिजली होती, पण कुणी ताट घेतलं नाही. मला तर वाटलं, तुटून पडावं खाली.

मग चंद्रभागाबाई उठली आणि सुनेच्या उशाशी जाऊन बसली.

"मंजुळे, बहात्तरला तुजा नवरा माज्या पोटात व्हता. पाऊस पडावा म्हणून मी भाकर सोडली व्हती."

"भाकर?"

"आडाणी व्हते. नुस्त्या सुकडीवर खडी फोडायची. दोनदा चक्कर आली. सासूनं मला धरून गडावर न्हेलं. म्हणली, देवाला दिल्यालं माघारी घ्यायचं न्हाई, पर बदलून देता येतंय. मातर बदली दिल्यालं जास्त जड पायजे. तवा मी दाताला लावायची तंबाकूची मिसरी सोडली. भाकरीपरीस मिसरी सोडाय लई जड गेलं बग."

मंजुळानं मान वळवली. "मंग मी काय देऊ? माज्याजवळ हाय काय दुसरं?"

सासूनं चुलीवरच्या चहाच्या पातेल्याकडं नुसतं बघितलं.

मंजुळा कशी रडली म्हणून सांगू! तेल सोडताना एक टिपूस आलं नव्हतं. ज्या बाईनं जन्मभर उसाच्या मोळ्या वाहिल्या, जिला दिवसभरात गोड म्हणून तेवढा चहाच ठाऊक होता, तिला साखर सोडायची होती. पण दुसऱ्या दिवशी सासू-सून रिक्षा करून गडावर गेल्या. पायाला पट्टी बांधलेली मंजुळा सासूच्या खांद्याला धरून देवापुढं उभी राहिली, तेल मागून घेतलं आणि साखर ठेवून आली.

त्या दिवशी चंद्रभागाबाईनं माझ्या दांड्याची चिंधी सोडली. चिंचेनं, राखेनं मला असं घासलं की मी पुन्हा वडवणीच्या बाजारातल्यासारखी झाले. डब्यात बुडी मारली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. जिरं तडतडलं, डाळीवर चर्र झालं. मग चंद्रभागाबाईनं वाढायचा डाव थेट तळाला घातला आणि घट्ट डाळीचं पहिलं ताट मंजुळापुढं ठेवलं.

"आवं, आदी ह्यास्नी वाढा की," मंजुळा अवघडून म्हणाली.

"त्यो खाईल मागून. छावणीवर भजी खातुया त्यो, मला काय वास येत न्हाई व्हय?"

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. पण मला वाटतं, तो हसत होता.

दसरा झाला, ट्रक आला. जखम भरत होती, पण डॉक्टरांनी फडात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं. उत्तरेश्वरनं चुलतभाऊ सिदूला जोडीला घेतलं. मंजुळानं नेहमीप्रमाणं भांड्यांचं पोतं बांधलं आणि त्यात मला घातलं. मी आतल्या आत नाचत होते. कधी एकदा ट्रक हलतो असं झालं होतं.

आणि उत्तरेश्वरनं पोतं उघडून मला बाहेर काढलं.

"ही कावून काढली? कोपीत लागंल की," मंजुळा म्हणाली.

"आमाला काय, अंदाजानं वतू," तो मला तिच्या हातात देत म्हणाला. "मापानं तुला लागतंय. हिला हितंच ऱ्हाऊ दे."

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत मंजुळा मला हातात घेऊन दारात उभी होती. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. चाकाच्या लोखंडाला वाट सोडवत नाही. अजूनही रस्त्यावरून ट्रक गेला की मी डब्याच्या काठावर चुळबुळते. पण खुंटीवर नाही, डब्यात आहे, आणि रोज एकदाच बुडते. वाटी काठाला टेकवून मंजुळा जास्तीचा थेंब परत डब्यात सोडते. तेवढंच तेल साऱ्या स्वयंपाकाला.

जाता जाता बायांनो, तुम्हाला एवढंच विनवते. आजाराला भिऊन मला खुंटीला टांगू नका आणि जिभेला भिऊन मला बुडवत बसू नका. डॉक्टरांचं गर्दीत ऐकू आलं नाही, तर पुन्हा जाऊन विचारा. आणि पातेल्यातला डाव कधीतरी स्वतःसाठीही तळाला घाला. चला, मंजुळा उठली, मला बोलावणं आलं.

हं, एक राहिलंच. उत्तरेश्वरचा कारखान्यावरून रोज फोन येतो. पूर्वी त्याच्या आईला संस्थेतल्या दुधाची चौकशी असायची, तशी आता त्याला बायकोच्या ताटाची.

"चहा?" तो विचारतो.

"कोरा. बिनसाखरेचा."

"त्याल?"

"एक पळी."

"आन् डाळ?"

मंजुळा एकवार सासूकडं बघते, मग पदर सावरून हळूच सांगते, "तळातली."