डाव्या पायाची चप्पल

मोटरसायकलवर साडी नेसून एका बाजूला बसणारी बाई जन्मभर डावीकडचंच जग बघते. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, माझ्या मानेनं शिकवलं. अंबरनाथ-बदलापूर रस्त्याची डावी गटारं मला पाठ आहेत. उजवीकडे काय काय उभं राहिलं आणि काय पडलं, ते पुरुषांना विचारा.

आमच्या यांना सगळे अण्णा म्हणतात. कारखान्यात सुपरवायझर होते, पण कोणी ओळख विचारली तर सांगणार, "मी बुलेटवाला." आधी राजदूत, मग येझदी, मग ही बुलेट. पुष्करच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मला येझदीवर बसवून दवाखान्यात नेलं. खड्डा आला की मागे वळून विचारायचे, "शॉकअप बरे आहेत ना गं, कुमुद?" असला माणूस.

बुलेट जुनी आहे, आणि जुन्या बुलेटचं सगळं उलटं असतं. दुसऱ्या गाड्यांना पायाचा ब्रेक उजवीकडे आणि गिअर डावीकडे. हिचा ब्रेक डावीकडे, गिअर उजवीकडे. येझदी विकून ती आणली तेव्हा आम्ही बुवापाड्यात राहायचो. पहिल्याच आठवड्यात अण्णा चाळीतल्या नळावर, बायकांच्या पाण्याच्या पिंपात जाऊन धडकले. पिंप चेपलं, बायकांनी आई-बाप काढले. घरी येऊन म्हणाले, "डोक्याला माहीत होतं गं. पायाला माहीत नव्हतं." मी हसले होते. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

तर सांगायचं हे, की मागे बसून मला अण्णांचा डावा पाय दिसतो. पुरुष मागे बसला तर त्याला पाठ दिसते. मला ब्रेकवरचा पाय दिसतो. तो कधी दाबणार हे मला त्यांच्याआधी कळतं.

गेल्या दिवाळीआधी आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो होतो. नातीला, अक्षदाला, जीन्स घ्यायची होती, आणि अण्णांना बुलेटची क्लच प्लेट. पार्टवाला सिंधी आमच्या ओळखीचा. मला बघून म्हणाला, "अण्णा साईं, अब तो भाभी को कार में बिठाओ."

"कार में नींद आती है उसको," अण्णा म्हणाले.

"और आपके पीछे?"

"मेरे पीछे डर के मारे जागती है."

दोघं हसले. मीही हसले. तेव्हा ती थट्टा होती.

परत येताना रेल्वे फाटकाच्या पुढे सहज खाली बघितलं, तर यांच्या डाव्या पायात चप्पलच नव्हती. उघडा पाय ब्रेकजवळ तसाच ठेवलेला, मेलेल्या माशासारखा. उजव्या पायात चप्पल होती.

"अहो, चप्पल कुठंय?"

"कुठली?"

"डावी!"

त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली बघितलं. बघितल्यावर त्यांना कळलं. त्याआधी नाही. वारा लागत होता, ब्रेकचं लोखंड लागत होतं, ह्यातलं काही त्यांना कळलं नव्हतं.

"पडली असेल. जाऊ दे, जुनी होती."

त्यांचं तोंड मला तेव्हाच वेगळं दिसलं. चोरी पकडलेल्या माणसासारखं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. आंघोळीचं पाणी उजव्या पायावर घेतलं की "हाय हाय" करायचे, डाव्यावर तेच पाणी घेतलं की गप्प. पलंगाच्या कोपऱ्याला करंगळी आपटून नख काळं झालं, हे मीच त्यांना दाखवलं. साखर आहे, गोळ्या आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक. डॉक्टरनं पाय दाखवायला सांगितलं होतं, तेवढं मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. मला ते त्यांच्याच तोंडून कळलं, भांडणात. "हो, बधिर आहे! मग काय करू, कापून टाकू?"

आणि रोज सकाळी बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या सोसायटीतून हाच माणूस नातीला टाकीवर बसवून शाळेत सोडत होता. बालवाडीतली पोर, हँडल धरून पुढे बसायची, बुलेटला "धडधडी" म्हणायची. आमच्या गेटपुढे मोठा उतार आहे. उताराच्या टोकाला चौक, तिथून पाण्याचे टँकर वळतात. त्या उतारावर गाडी थांबवायची ती एकाच पायानं. हाताचा ब्रेक जुन्या बुलेटला नावापुरता.

पुष्करला सांगितलं. तो म्हणाला, "आई, अण्णा माझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतायत."

"पाय आता तो नाही राहिला रे."

"तू उगाच टेन्शन घेतेस."

सून हिमानी हसून म्हणाली, "आई, तुम्हाला अक्षदाचा हेवा वाटतो. तुमची सीट गेली ना."

ह्या घरात बाईचं म्हणणं म्हणजे कुकरची शिट्टी. ऐकू येते सगळ्यांना, उठत कोणी नाही.

म्हणून रविवारी सकाळी मी ते केलं.

चहा झाला होता. अण्णा खुर्चीत बसून डावा पाय स्टुलावर टाकून पुष्करला येझदीची गोष्ट सांगत होते, बारवीच्या रस्त्यावर साखळी तुटली ती. अक्षदा मांडीवर. मी स्टुलाजवळ खाली शेंगा सोलायला बसले. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, उघडली, आणि त्यांच्या तळव्यात टोचली.

अण्णा म्हणाले, "मग मी साखळी काढली, खिशात ठेवली..."

मी आणखी दाबली.

"...आणि गाडी ढकलत बदलापूरपर्यंत..."

रक्ताचा थेंब आला. टाचेकडे ओघळला. हिमानीनं कप खाली ठेवला. पुष्करनं बघितलं. अण्णांची गोष्ट चालूच होती. घरात आता ती कोणीही ऐकत नव्हतं. शेवटी अक्षदाच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पिन लागलीये."

अण्णांनी खाली बघितलं. पिन बघितली, मग मला बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला तसं कधी बघितलं नव्हतं.

"बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण सगळ्यांना दिसलं."

पुष्करनं तिथंच सांगून टाकलं, "उद्यापासून अक्षदाला मी सोडणार."

मला वाटलं, सुटलो. बाईनं असं कधी वाटून घेऊ नये.

सोमवारी अक्षदानं पुष्करच्या गाडीवर बसायला साफ नकार दिला. "मला धडधडी पायजे!" गॅलरीत बसलेल्या अण्णांनी खिशातून बुलेटची किल्ली काढली आणि पुष्करकडे फेकली. ती किल्ली त्यांनी आजवर पोराच्या हातात दिली नव्हती.

"घेऊन जा धडधडी. बघू तरी किक बसते का. का बटणवाली लागते साहेबांना?"

"बसते ओ," पुष्कर तोंड वाकडं करून म्हणाला. "गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. माहितीये मला."

मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. सगळं ऐकत होते. खालून पहिल्या किकला आवाज आला, धड धड धड, आणि माझा हात पोळीवर थांबला. माहितीये मला. त्याच्या डोक्याला माहीत होतं. तो आयुष्यभर उजव्या पायानं ब्रेक मारत आलेला पोरगा होता.

"अहो! त्याच्या पायाला माहीत नाहीये!"

अण्णा उभे राहिले. मला त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. गॅलरीतून त्यांनी हाक मारली, "पुष्कर! डावा! डावा पाय!" पण बुलेटवर बसलेल्या माणसाला बुलेटशिवाय काही ऐकू येत नाही. गाडी गेटबाहेर पडून उताराला लागली होती, टाकीवर अक्षदाच्या लाल रिबिनी.

खालून टँकर वळला.

मी ते वरून बघितलं. पुष्करचा उजवा पाय दाबला गेला. बुलेटला तिथं वरचा गिअर पडतो. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटली. त्यानं परत दाबला, आणखी जोरात, त्याच पायानं. मग त्यानं हँडल फिरवलं आणि गाडी नव्या इमारतीच्या रेतीच्या ढिगात घुसून आडवी झाली. आवाज बंद पडला.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. पोचले तेव्हा पुष्कर रेतीत बसला होता, कोपर सोललेलं, आणि सारखा म्हणत होता, "मी ब्रेक मारला, आई. मी ब्रेकच मारला." अक्षदा उभी होती. हनुवटी फुटलेली, एका पायात बूट नाही. भोकाड पसरून रडत होती, "आजी, पायाला खडी टोचतेय."

तो शब्द ऐकून मला रडू फुटलं. टोचतेय म्हणाली पोर. तिला टोचत होतं.

मागून अण्णा आले. अनवाणी. उतारावरच्या खडीवरून धावत आलेले, आणि त्यांच्या मागे दर दुसऱ्या पावलाला डांबरावर लाल ठसा. त्यांनी आधी कोणाकडे बघितलं, हे लोक विचारतील म्हणून सांगते. आधी बुलेटकडे बघितलं. टाकीला पोचा आला का ते बघितलं. मग नातीला उचललं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, इथं सांगायला मला भीती नाही.

हेडलाइटवरची किल्ली मी काढली आणि कमरेला खोचली. त्या दिवसापासून ती तिथंच आहे, झोपतानासुद्धा. गाडी मेकॅनिककडून सरळ होऊन आली आणि खाली उभी राहिली. अक्षदाला मी शेअर रिक्षानं सोडायला लागले.  अण्णा गॅलरीतून खाली बघत बसायचे. पायाला पट्टी, डोळे गाडीवर. मला वाटलं, म्हातारा हळूहळू मानेल.

आज सकाळी अक्षदाची वेणी घालत होते आणि खाली धडधड सुरू झाली.

मी कमरेला हात लावला. किल्ली होती.

पोरीचा हात धरून खाली उतरले. अण्णा बुलेटवर बसलेले. हेडलाइटखालून दोन वायरी बाहेर काढून जोडलेल्या, वर टेप गुंडाळलेली. जन्म गेला ह्या माणसाचा गाड्यांत, त्याला किल्ली कशाला लागते? मलाच ते सुचलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टाकीवर थाप मारली, नातीला म्हणाले, "ये गं बाय. धडधडी आली."

अक्षदानं माझा हात सोडला. दोन पावलं पुढे गेली. मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ती आपणच थांबली. आजोबांच्या डाव्या पायाकडे बघत होती. हनुवटीवरचे टाके अजून ओले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची चप्पल जिन्यात पडलीये."

अण्णांनी खाली बघितलं.

पोर मागे सरकली आणि माझ्या साडीत शिरली. बुलेट चालूच होती. अण्णांनी मान वर केली नाही. मग उजव्या पायानं पहिला गिअर टाकला आणि एकटेच उताराला लागले. मी कान लावून उभी आहे. आवाज अजून येतोय.